अप्पांनी विकत घेतलेल्या गोगलगाई

पापाकुरा, १५ ऑक्टोबर २००६

शंतनू,

'प्रिय' लिहायचं की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोनवर तू 'हं, हं' म्हणतोस आणि लगेच तुझी मीटिंग असते. ईमेल तू ऑफिसात उघडतोस, तिथे तुझ्या पाठीमागून कोणीही वाचत असेल. म्हणून पत्र. पर्थला पोचेपर्यंत प्रश्न सुटलेला असेल, नाहीतर वाढलेला तरी असेल.

तुझ्या वडिलांनी गोगलगाई विकत घेतल्या आहेत.

काल रेस्ट होममधल्या म्हाताऱ्यांची सकाळची ड्यूटी संपवून घरी आले, तर अप्पा आणि ऋगू स्वयंपाकघरात फरशीवर बसलेले. मध्ये प्लॅस्टिकचा मोठा डबा, आपण चादरी ठेवायचो तो. आत माती, काकडीचे काप आणि दोन गोगलगाई. आपल्या कोथिंबिरीवर येतात तसल्या नाहीत. माझ्या मुठीत मावणार नाही एवढा एकेकीचा शंख, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा. एक डब्याच्या काचेसारख्या भिंतीवर चढत होती आणि तिचं सगळं पोट दिसत होतं.

"आफ्रिकेच्या आहेत म्हणे," अप्पा म्हणाले.

"कुठून आणल्यात?"

"शनिवारच्या बाजारातून. जुन्या गिटारी विकतो ना एक माणूस, त्याच्याकडे होत्या. टेबलाखाली."

"टेबलाखाली का?"

"ऊन लागू नये म्हणून," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, घरमालक कुत्रा ठेवू देत नाही, आणि पोरीला काहीतरी हवं होतं. "कुत्रा भुंकतो, मालकाला कळतं. या काही बोलत नाहीत."

कुत्र्याचं तू ऋगूला कबूल केलं होतंस, हे तुला आठवत असेल. घर बदलू, कुंपणवालं घर घेऊ, मग आणू.

ऋगूने नावंसुद्धा ठेवली आहेत. केविन आणि डम्पलिंग. मला त्या दोघी सारख्याच दिसतात. आणि शंतनू, ज्या अप्पांनी आयुष्यात घरात अंडं येऊ दिलं नाही, ते आज कोपऱ्यावरच्या हरीशभाईंच्या डेअरीतून अंडी घेऊन आले. शंख मजबूत व्हायला टरफलांची पूड लागते म्हणे. आतलं ऋगूने खायचं, टरफलं गोगलगाईंनी. मी बघत होते, ते पोळपाटावर टरफलं ठेवून लाटण्याने कुटत होते.

डोंबिवलीला पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर असल्याच गोगलगाई चढायच्या, तेव्हा हेच अप्पा मिठाची पुडी घेऊन खाली उतरायचे. मी नवीन लग्न होऊन आले होते, गॅलरीतून पाहिलं होतं. त्यांना आठवण करून दिली, तर म्हणाले, "त्या वेगळ्या होत्या." मग थोड्या वेळाने म्हणाले, "वेगळ्याच असतील ना?"

आता सांग, मी काय करू? मालकाला कळलं तर काय सांगू? तू सहा महिन्यांसाठी गेला होतास. ते संपले. पुढचं काय, तेही एकदा नीट लिहून कळव.

विनया


पापाकुरा, ५ नोव्हेंबर २००६

शंतनू,

पत्राचं उत्तर ईमेलने आलं. तेही दोन वाक्यांत. 'अप्पांना शुभंकरकडे पुण्याला पाठव, तोही त्यांचा मुलगाच आहे. तिकीट मी काढतो.' मी गोगलगाईंबद्दल विचारलं होतं. अप्पांबद्दल विचारलं नव्हतं.

तुझं म्हणणं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. ते सकाळी उठून चहा करतात, ऋगूला शाळेत सोडतात, मागच्या अंगणात मेथी आणि लाल माठ लावलाय तिथे तासन्‌तास बसतात. मेथी चांगली आली आहे. इथे वारा फार, म्हणून त्यांनी जुन्या दुधाच्या बाटल्या कापून प्रत्येक रोपाला आडोसा केलाय. अशा माणसाला 'तुमचं तिकीट काढलंय' कुठल्या तोंडाने सांगू? आणि न सांगायचं तर कोणत्या नात्याने? तू इथे असतास तर प्रश्नच नव्हता.

गोगलगाईंचं तर काहीच समजेनासं झालंय. ऋगू लायब्ररीतून एक पुस्तक घेऊन आली. त्यात इथल्या जंगलातल्या मोठ्या गोगलगाईंचे फोटो. त्या इतक्या दुर्मीळ की त्यांना हात लावणंही गुन्हा. त्यांचा रिकामा शंखसुद्धा उचलायचा नाही. ऋगू घाबरली. "मॉम, व्हॉट इफ केविन इज प्रोटेक्टेड?" अप्पा चष्मा लावून फोटो आणि डबा आळीपाळीने बघत राहिले. इथल्यांचा शंख चपटा, आपल्यांचा उंच. पण त्यांची खात्री होईना.

मध्ये एक दिवस अंडी दिली. पिवळट, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, मातीत खूप सारी. कोणी दिली, केविनने की डम्पलिंगने, तेही कळायला मार्ग नाही. पुस्तकात लिहिलंय की त्यांच्यात नर-मादी असं वेगळं नसतं. अप्पांना ते वाचून दाखवलं तर ते लाजले. अंड्यांचं काय केलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "टाकली."

दिवाळीच्या दिवशी तुला फोन केला होता. लागला नाही, असं अप्पांना सांगितलं.

परवा हरीशभाईंच्या डेअरीत दूध आणायला गेले, तर त्यांनी गल्ल्याजवळ लावलेला एक कागद दाखवला. फोटो होता. हुबेहूब आपल्या डब्यातली. खाली लिहिलेलं, हा प्राणी दिसला तर ताबडतोब फोन करा. हरीशभाई हळूच म्हणाले, "अंकल एग्ज ले जाते हैं, बोलते हैं स्नेल के लिए. इधर रखना मना है, सिस्टर. ये सब खेत खा जाता है."

घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते काकडी चिरत होते.

"मग आता?"

"फोन करायला पाहिजे."

"ते येऊन काय करतील? परत आफ्रिकेला पाठवतील?"

"नाही हो अप्पा. मारतील."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग उरलेली काकडी चिरली, डब्यात टाकली आणि बागेत जाऊन बसले. मी फोन केला नाही. उद्या करीन असं रोज म्हणतेय. माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन आहे, काही केस झाली तर काय होईल, याची भीती आहे. आणि खरं म्हणजे ऋगू शाळेतून आली की आधी त्या डब्याकडे धावते. तू गेल्यापासून ती कशाकडे धावली नव्हती.

विनया


पापाकुरा, २६ नोव्हेंबर २००६

शंतनू,

हे पत्र वाचताना जरा एकटा बस.

मंगळवारी ड्यूटीवरून आले तर घर रिकामं. ऋगू मैत्रिणीकडे गेलेली. अप्पा नाहीत आणि डबाही नाही. बागेत पाहिलं, गॅरेजमध्ये पाहिलं, मग हरीशभाईंकडे गेले.

"अंकल को तो मैंने हुनुआ छोड़ा," ते म्हणाले. "वॉटरफॉल देखना था उनको. बोले, बहू लेने आएगी."

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. अप्पा धबधबे बघणाऱ्यांतले नाहीत, हे तुला माहीत आहे. ते कशाला गेले असतील हे एका क्षणात कळलं. हुनुआच्या जंगलात या दोघी सुटल्या, त्यांनी अंडी दिली, की मग संपलंच. मी गाडी काढली. रस्ताभर मी कोणावर चिडले आहे तेच समजत नव्हतं. अप्पांवर, त्या गिटारवाल्यावर, तुझ्यावर.

गाडीतळाजवळच्या बाकावर ते बसले होते. जाड स्वेटर, मफलर, मांडीवर डबा. झाकण बंद. मी आत पाहिलं. दोन्ही होत्या.

मी शेजारी बसले. तेच आधी बोलले.

"सोडणार होतो. त्या पायवाटेने आत गेलो. तिथे एक पाटी आहे. जंगलातला पक्षी वाचवायला उंदरांना न्‌ त्या पॉसम नावाच्या जनावराला विष ठेवलंय म्हणून लिहिलंय. ते बाहेरून आलेले आहेत म्हणून."

"हो."

"मग मी सोडून तरी काय उपयोग? आज ना उद्या यांनाही विष घालणार. नाहीतर या त्या पक्ष्याचं काहीतरी वाटोळं करणार." त्यांनी मफलर नीट केला. "बाहेरून आलेल्याला इथे विष घालतात, विनया. मला रेसिडन्सी कशी काय दिली?"

मला हसू आलं आणि मग ते आवरेना. तेही हसले, पण त्यांना हसायचं नव्हतं.

"मला न सांगता का आलात?" मी विचारलं.

"तू फोन केला असतास. तुझं बरोबरच आहे. पण पोरीच्या डोळ्यांदेखत न्यायला नको होतं."

"तिला एक दिवस कळणारच ना, अप्पा. तिच्यापासून किती लपवायचं?"

हे मी गोगलगाईंबद्दल म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शंतनूचं मला माहीत आहे."

मी गाडीच्या किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.

"शुभंकरने सांगितलं. पुण्यात गणपती बसायच्या आधी. पर्थमध्ये कोणी आहे म्हणाला. तो परत येणार नाही म्हणाला."

आता मीही सांगते. दिवाळीच्या दिवशी फोन लागला होता. तिने उचलला. स्वच्छ मराठीत म्हणाली, "शंतनू अंघोळीला गेलाय, कोण बोलतंय म्हणून सांगू?" आवाज चांगला होता, अदबीचा. मी म्हणाले, राँग नंबर. तेव्हापासून तिच्या त्या आवाजाचाच राग येतोय मला. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. अप्पांना वाईट वाटेल म्हणून मी त्यांच्यापासून लपवत होते आणि त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. एक जोडपं कुत्र्याला घेऊन जात होतं, त्यांनी वळून पाहिलं.

"सांगितलं असतं तर तू मला पाठवून दिलं असतंस."

"कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? मुलगाच घरात नाही, तर सुनेने सासऱ्याला का सांभाळायचं? मला दुसरं कोणी विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो, की पाठव म्हाताऱ्याला." ते डब्यावरून हात फिरवत होते. "शुभंकरचा फोन आला त्यानंतर ऋगू मला म्हणाली, डॅड इज गेटिंग मी अ डॉग. मग बाजारात या दिसल्या. वाटलं, काहीतरी घरात येऊ दे. येणारं कोणी नाही, हे पोरीला निदान इतक्यात तरी नको कळायला."

मी त्यांना काय उत्तर द्यायला हवं होतं, शंतनू? 'मी पाठवणार नाही' असं म्हणायला हवं होतं. ते मला जमलं नाही, कारण त्या क्षणी खरंच ठाऊक नव्हतं. मी फक्त म्हणाले, "थंडी वाढतेय, चला." ते उठले. डबा त्यांनी गाडीत मांडीवरच ठेवला.

ऋगूला काय सांगायचं ते तू सांगणार आहेस की मी?

विनया


पापाकुरा, १७ डिसेंबर २००६

शंतनू,

तुझा फोन ऋगूने घेतला, आणि तू तिला सांगितलंस. बरं केलंस. ती रडली नाही. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "सो, नो डॉग?" आणि आपल्या खोलीत गेली. तिला नेमकं काय समजलंय ते मला कळत नाही. विचारायची हिंमतही होत नाही.

इकडचं सांगते. मागचं पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन केला. सरकारच्या बायोसिक्युरिटी खात्याची माणसं त्याच दुपारी आली, लिन नावाची उंच बाई आणि तिच्याबरोबर एक सहकारी. 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून ती दारातच बूट काढून आत आली. मी पोलिसांसारखं कोणीतरी येईल अशी मनाची तयारी केली होती. ऋगू सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती, "यू आर डॉबिंग आजोबा इन." म्हणजे मी चहाडी करतेय.

लिनने कोणी आणल्या विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "मी. आय बॉट. शी डिड नॉट नो." मग ऋगू म्हणाली की तिनेच मागितल्या होत्या. तेही खरं नव्हतं. तिने कुत्रा मागितला होता.

लिनने सगळं ऐकून घेतलं. तो गिटारवाला कसा दिसतो ते तिला जास्त हवं होतं. मग ती ऋगूपुढे गुडघ्यांवर बसली आणि सरळ सांगितलं की या दोघींना थंडीत ठेवतील, त्यांना झोप लागेल, मग त्या उठणार नाहीत. ऋगूने विचारलं, दुखेल का? लिन म्हणाली, मला वाटतं नाही, पण त्यांना कोणी विचारू शकत नाही ना. ऋगूला ते उत्तर पटलं असावं. डब्याचं झाकण तिनेच लावून दिलं.

जाताना लिनने विचारलं, "एनी एग्ज?"

अप्पा "नो" म्हणाले.

मला साबुदाणा आठवला. पण अप्पांनी टाकली म्हणून सांगितलं होतं, आणि मी गप्प बसले. ती गेल्यावर अप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघत होते, तेव्हा दारापाशी येऊन म्हणाले, "ती अंडी मी मेथीत पुरली आहेत."

"अप्पा, टाकली म्हणालात ना?"

"टाकायला गेलो होतो. कचऱ्याच्या डब्यात हात जाईना." मग म्हणाले, "डोंबिवलीत मी किती मारल्या असतील. तेव्हा काही वाटलं नाही. आताच काय झालं, मला समजत नाही."

मी चपला काढल्या आणि परत फोन केला. आदल्या दिवशी खोटं बोललो म्हणून आता तरी केस होणार असं वाटत होतं. अप्पा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि स्वतःच सांगितलं, त्यांच्या त्या विमा कचेरीतल्या इंग्रजीत, अगदी सावकाश.

लिनच्या माणसांनी सगळी बाग उचलून नेली. मेथी, माठ, कापलेल्या बाटल्या, आणि खाली हातभर खोल माती. पिशव्यांत भरून, पिशव्यांना सील लावून. अप्पा अंगणाच्या कडेला खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले होते. लिनने त्यांना आत जा म्हणून सांगितलं, ते गेले नाहीत. अंडी सापडली. बरीचशी तशीच होती. काही फुटून पिल्लं निघून गेलेली होती, म्हणून आता अधूनमधून कोणीतरी येऊन कुंपणापाशी, नाल्यापाशी शोधतं.

घरमालक आला होता. अंगणातला खड्डा बघून गेला, काय ठरवतो बघू. लिन म्हणाली, तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून लेखी समज देऊन सोडतील बहुतेक.

आणि तू पाठवलेलं पुण्याचं तिकीट मी अप्पांना दाखवलं. लपवायचा कंटाळा आला होता. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "तू सांग."

मला नाही सांगता आलं. मी म्हणाले, तुम्ही सांगा. ऋगू तिथेच टेबलावर चित्र काढत होती. शेवटी तिनेच डोकं वर न करता विचारलं, "व्हाय वुड आजोबा गो? ही लिव्ह्ज हिअर."

ते तिकीट रद्द कर.

विनया


पापाकुरा, ४ फेब्रुवारी २००७

शंतनू,

हे पत्र अप्पांच्या हाती देते आहे, म्हणजे ते तुला पर्थच्या विमानतळावरच मिळेल.

त्यांना तुझ्याकडे यायचंय हे ऐकून तुला धक्का बसला असेल. मलाही बसला. लेखी समज आली, लिनचं शोधकाम संपलं, घरमालकाने खड्डा भरून घ्यायला सांगून घरात राहू दिलं, आणि सगळं जरा निवळतंय असं वाटत असतानाच एके सकाळी चहा गाळता गाळता ते म्हणाले, "मला शंतनूला बघून यायचंय. तो काही मेला नाहीये."

मी रागावले. इतकी रागावले की दोन दिवस धड बोलले नाही. मनात आलं, आम्ही यांच्यासाठी एवढं केलं आणि हे शेवटी मुलाकडेच निघाले. मग वाटलं, आपल्याला राग यायचा हक्क तरी आहे का? वडीलच आहेत ते तुझे. मग वाटलं, हक्क नसेल तर मग मी त्यांची कोण? या तीन गोष्टींत मी फिरत राहिले आणि कुठेच पोचले नाही. अजूनही पोचलेली नाही, असं लिहिलं तर तुला खोटं वाटू नये.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "तिलाही भेटणार?"

"घरात असेल तर भेटावंच लागेल," ते म्हणाले. "काय बोलायचं ते ठाऊक नाही. तू सांग, तिला काय म्हणू?"

"मला विचारताय?"

"मग कोणाला विचारू?"

मी म्हणाले, नावाने हाक मारा. नाव काय आहे ते शंतनूला विचारा. मला ते माहीत नाही, आणि इतक्यात नकोही आहे.

तुझे वकिलाचे कागद आले आहेत. सही करीन. ऋगू मोठ्या सुट्टीत तुझ्याकडे येईल, पण ती हो म्हणाली तर. हे सगळं आपण नंतर बोलू, आणि मी फोन ठेवणार नाही, तूही ठेवू नकोस.

अप्पांची बॅग मी भरली. त्यांचे दोन स्वेटर बाहेर काढून ठेवले, पर्थला उकाडा असेल म्हणून. ते त्यांनी परत कपाटात नेऊन ठेवले, आपल्या नेहमीच्या खणात, बाकीच्या कपड्यांबरोबर. मग दारात येऊन उभे राहिले.

"विनया, मी परत आलो तर चालेल ना?"

याचं उत्तर तीन महिने मला नीट बोलता आलेलं नाही. तेव्हाही आलं नाही. मी बॅगेची चेन लावत होते. मी म्हणाले, "येताना काही जिवंत आणू नका. एअरपोर्टवर सगळं उघडून बघतात."

त्यांनी बॅग उचलून दारापाशी नेऊन ठेवली. मग म्हणाले, "नाही आणत," आणि ऋगूला सांगायला गेले.

त्यांना सकाळी लवकर चहा लागतो, साखर नाही. बीपीची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. दुपारी एकटे ठेवू नकोस, पत्ता विसरत नाहीत पण रस्त्यात कोणाशीही बोलत बसतात. तिकीट जाण्या-येण्याचं आहे. ते तूच काढलंयस, तेव्हा तुला बदलताही येईल. परतीची तारीख बदलू नकोस.

विनया